दुभाषी ते महापौर : न्यूयॉर्कचे फिओरेलो लाग्वार्डिया

न्यूयॉर्क किंवा न्यू जर्सीला मुलाकडे-मुलीकडे जाऊन आलेल्या अनेकांनी ‘लाग्वार्डिया’ हे नाव विमानाच्या तिकिटावर वाचलेलं असतं. अमेरिकेतल्या अमेरिकेत फिरायचं झालं की हा विमानतळ लागतो. नाव आहे न्यूयॉर्कच्या एका महापौराचं. वडील इटालियन, आई ज्यू, उंची जेमतेम पाच फूट दोन इंच आणि आवाज चिरका. १९३४ ते १९४५ अशी सलग बारा वर्षं या गृहस्थांनी अमेरिकेतलं सर्वांत मोठं शहर चालवलं. त्याआधी तरुणपणी ते याच शहराच्या बंदरात सरकारी दुभाषी होते. कचेरीची भाषा न येणाऱ्या माणसाचं कचेरीत काय होतं, हे त्यांनी तिथे रोज पाहिलं. पुढच्या राजकारणात ही गोष्ट पुन्हा पुन्हा डोकं वर काढते.

थोडक्यात

पूर्ण नाव : फिओरेलो हेन्री लाग्वार्डिया (जन्मनाव फिओरेलो एन्रिको)
जन्म : ११ डिसेंबर १८८२, न्यूयॉर्क
मृत्यू : २० सप्टेंबर १९४७, न्यूयॉर्क
पक्ष : रिपब्लिकन, महापौरपदाला अनेक गटांच्या आघाडीतर्फे
पदं : अमेरिकी प्रतिनिधिगृहाचे सदस्य (१९१७-१९१९ आणि १९२३-१९३३), न्यूयॉर्कचे महापौर (१९३४-१९४५), संयुक्त राष्ट्रांच्या मदत व पुनर्वसन प्रशासनाचे महासंचालक (१९४६)

बॅंडमास्तराचा मुलगा

वडील अकिले हे दक्षिण इटलीतल्या चेरिन्योला गावचे. कॉर्नेट वाजवायचे आणि अमेरिकी लष्करात बॅंडमास्तर होते. आई इरेने कोएन ही त्रिएस्तची. त्रिएस्त आज इटलीत आहे, तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होतं. ‘फिओरेलो’ म्हणजे इटालियनमध्ये छोटंसं फूल. पुढे न्यूयॉर्ककरांनी याचंच ‘लिटल फ्लॉवर’ करून टाकलं.

जन्म न्यूयॉर्कचा असला तरी बालपण गेलं पश्चिमेकडच्या अ‍ॅरिझोना प्रांतात, लष्करी छावण्यांमध्ये. तिथल्या प्रेस्कॉट गावात एकदा माकड घेऊन पेटी वाजवणारा एक इटालियन आला आणि गावातली पोरं फिओरेलोला त्यावरून चिडवू लागली. ही खूण त्यांनी आयुष्यभर मनात ठेवली. महापौर झाल्यावर १९३६ पासून त्यांनी रस्त्यावर पेटी वाजवणाऱ्यांवर बंदीच घातली. गरिबाच्या पोटावर पाय आला म्हणून टीका झाली, पण साहेब हटले नाहीत.

१८९८ मध्ये स्पेनशी युद्ध सुरू झालं आणि वडिलांच्या पलटणीला फ्लोरिडात हलवलं गेलं. तिथे सैनिकांना पुरवलेलं खराब मांस खाऊन वडील आजारी पडले आणि त्यांना लष्करातून बाहेर पडावं लागलं. कुटुंब आईच्या माहेरी, त्रिएस्तला परतलं. १९०४ मध्ये वडील गेले. आपल्या बापाला ठेकेदारांच्या नफेखोरीने मारलं, असं फिओरेलो शेवटपर्यंत मानत. पुढे ठेकेदार आणि पुढारी यांचं साटंलोटं दिसलं की त्यांचा पारा का चढायचा, हे यावरून कळतं.

फ्यूमेचं बंदर

पोटासाठी तरुण फिओरेलो बुडापेस्टच्या अमेरिकी वकिलातीत चिकटला. तिथून १९०४ मध्ये त्याची नेमणूक अ‍ॅड्रियाटिक समुद्रावरच्या फ्यूमे बंदरात, म्हणजे आजच्या क्रोएशियातल्या रिएकात झाली. अमेरिकेला निघालेले हजारो गरीब लोक इथून जहाजात चढायचे. जहाजाला आरोग्याचा दाखला देणं हे त्याचं काम. त्याने आग्रह धरला की जहाजाबरोबर प्रत्येक उतारूचीही तपासणी व्हायला हवी, आणि तीही जहाज सुटण्याआधी. जहाज कंपनीला हे रुचलं नाही. पण त्यामागचा हिशेब साधा होता. डोळ्यांत खुपऱ्या असलेला माणूस न्यूयॉर्कला पोचला की तिथले डॉक्टर त्याला परत पाठवणार. घरदार विकून तिकीट काढलेल्या माणसाला ही गोष्ट समुद्र ओलांडल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेली बरी.

तिथे असताना राजघराण्यातल्या एका बाईंना उतारू जहाजात चढताना बघण्याची हौस आली. त्यांच्या सोयीसाठी लोकांना तीन दिवस आधी जहाजात कोंबायचं ठरलं. या कारकुनाने दाखल्यावर सही द्यायला साफ नकार दिला. वरिष्ठांशी असे खटके उडत राहिले आणि १९०६ मध्ये नोकरी सोडून तो न्यूयॉर्कला परतला. खिशात पैसे नव्हते. गाठीला इटालियन, जर्मन, क्रोएशियन आणि यिडिश एवढ्या भाषा मात्र होत्या.

एलिस बेटावरची खिडकी

१९०७ मध्ये लाग्वार्डिया एलिस बेटावर सरकारी दुभाषी म्हणून लागले. पगार वर्षाला १,२०० डॉलर. दिवसा बेटावर काम आणि रात्री न्यूयॉर्क विद्यापीठात कायद्याचं शिक्षण, असा तीन वर्षांचा क्रम. १९०७ या एकाच वर्षात या बेटावरून दहा लाखांवर माणसं अमेरिकेत शिरली.

दुभाष्याच्या एका वाक्यावर काय अवलंबून असायचं, ते बघण्यासारखं आहे. अधिकारी विचारायचा, ‘काम ठरलंय का?’ गावाकडून आलेला माणूस चांगलं वाटावं म्हणून ‘हो’ म्हणाला, तर तो बाहेरून आणलेला कंत्राटी मजूर ठरायचा आणि कायद्याने त्याला परत पाठवलं जायचं. ‘नाही, काही ठरलेलं नाही, कोण जाणे काय मिळेल’ असं म्हणाला, तर हा सरकारवर भार होणार म्हणूनही परत पाठवता यायचं. खरं बोलावं तरी पंचाईत आणि खोटं बोलावं तरी पंचाईत. उत्तर नेमकं मधलं हवं, आणि ते परक्या भाषेत जसंच्या तसं पोचवणारा माणूस हवा. कधी घरातल्या एकट्या लहान मुलाला किंवा म्हाताऱ्या आईला खुपऱ्या निघायच्या. मग बाकीच्यांनी पुढे जायचं की सगळ्यांनी मागे फिरायचं, हे तिथल्या तिथे ठरवावं लागायचं. एवढी वर्षं काम करूनही या रडारडीची आपल्याला कधी सवय झाली नाही, असं लाग्वार्डिया यांनी आठवणींत नोंदवलं आहे.

ज्यांच्या घरातली भाषा एक आणि कचेरीतल्या कागदाची भाषा दुसरी, त्यांना यातली गोम वेगळी समजावून सांगायला नको.

१९१० मध्ये ते वकील झाले. १९१२-१३ च्या हिवाळ्यात न्यूयॉर्कच्या शिलाई कामगारांचा मोठा संप झाला. त्यात ते इटालियन कामगारांपुढे त्यांच्याच भाषेत भाषणं करायचे आणि पकडलेल्यांचे खटले फी न घेता लढवायचे.

संसदेत, आणि यिडिशमधलं आव्हान

त्या काळी न्यूयॉर्क म्हणजे टॅमनी हॉल. डेमोक्रॅटिक पक्षाची ही शहरातली यंत्रणा. गरिबाला हिवाळ्यात कोळसा द्यायचा, पोराला नोकरी लावायची, पोलीस ठाण्यातून सोडवायचं आणि बदल्यात मत घ्यायचं. वर ठेके, बढत्या आणि न्यायाधीशांच्या नेमणुका यांत हात ओले करायचे. लाग्वार्डिया यांना यात जायचं नव्हतं म्हणून ते रिपब्लिकन झाले. १९१४ मध्ये हरले, १९१६ मध्ये प्रतिनिधिगृहात निवडून आले. युद्ध सुरू झाल्यावर संसद सदस्य असतानाच ते हवाई दलात भरती झाले, इटलीतल्या फोज्जा इथे वैमानिकांच्या तळावर होते आणि मेजर होऊन परतले.

१९२१ हे वर्ष घरासाठी फार वाईट गेलं. तान्ही मुलगी गेली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस क्षयाने पत्नी थेआही गेली. कोंदट चाळींमधल्या क्षयाबद्दल ते पुढे जे बोलत राहिले, ते घरातलं दुःख होतं. १९२९ मध्ये त्यांनी आपल्या सचिव मारी फिशर यांच्याशी लग्न केलं. त्यांनी दोन मुलं दत्तक घेतली.

१९२२ ची निवडणूक त्यांच्या चरित्रात हमखास येते. मतदारसंघ ईस्ट हार्लेम, मतदार मुख्यतः इटालियन आणि ज्यू. प्रतिस्पर्धी हेन्री फ्रॅंक यांच्या बाजूने यिडिशमध्ये पत्रक निघालं की लाग्वार्डिया ज्यूंचे द्वेष्टे आहेत. ‘माझी आईच ज्यू आहे’ एवढं सांगितलं असतं तरी विषय संपला असता. पण आईच्या जातकुळीवर मत मागणं त्यांना पटेना. त्यांनी यिडिशमध्येच उघडं पत्र काढलं : या, भर सभेत वाद घालू, अट एकच, सगळी चर्चा यिडिशमध्ये. फ्रॅंक स्वतः ज्यू असून त्यांना यिडिशमध्ये बोलता येत नव्हतं. लाग्वार्डिया मात्र गल्लोगल्ली यिडिशमध्ये सभा घेत फिरले. निकाल लागला तेव्हा ते १६८ मतांनी जिंकले होते.

पुढची दहा वर्षं त्यांनी संसदेत पक्षाचीही पर्वा न करता काढली. १९२४ च्या कायद्याने दक्षिण आणि पूर्व युरोपातून येणाऱ्यांचा कोटा आवळला, त्याला त्यांनी कडाडून विरोध केला. दारूबंदी अव्यवहार्य आहे, हे दाखवायला पत्रकारांसमोर बिअर तयार केली. १९३२ चा नॉरिस-लाग्वार्डिया कायदा हे त्यांचं संसदेतलं सर्वांत मोठं काम. युनियनमध्ये जाणार नाही, असं कामगाराकडून लिहून घेणारे करार या कायद्याने निकामी झाले आणि संपाविरुद्ध संघीय कोर्टातून मनाई हुकूम आणणं अवघड झालं.

पत्र्याचा डबा आणि सत्तापालट

१९२९ मध्ये ते महापौरपदाला उभे राहिले आणि लोकप्रिय, छानछोकीचे जिमी वॉकर यांच्याकडून सपाटून हरले. पुढे निवृत्त न्यायाधीश सॅम्युएल सीबरी यांच्या चौकशीने टॅमनीचं पितळ उघडं पाडलं. शेरीफ टॉम फार्ली यांच्या खात्यांत थोड्या वर्षांत साडेतीन लाख डॉलरहून जास्त रक्कम जमा झाली होती. एवढा पगार नसताना पैसा आला कुठून, असं विचारल्यावर उत्तर मिळालं : घरातल्या पत्र्याच्या डब्यातून. शहर हसलं आणि चिडलंही. १ सप्टेंबर १९३२ रोजी वॉकर यांनी राजीनामा दिला आणि युरोप गाठला.

१९३३ च्या तिरंगी लढतीत सुधारणावाद्यांच्या ‘फ्यूजन’ आघाडीने लाग्वार्डिया यांना उभं केलं आणि ते निवडून आले. १९३४ चं वर्ष उजाडताच, मध्यरात्री, सीबरी यांच्या घरी त्यांनी शपथ घेतली.

इथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी महानगरपालिकेचा रोजचा कारभार आयुक्त बघतात. बेळगावात नगरसेवक आपल्यातून वर्षभरासाठी महापौर निवडतात. इंदूर-ग्वाल्हेरला मतदार थेट निवडतात, पण तिथेही आयुक्त असतातच. न्यूयॉर्कचा महापौर मात्र थेट लोकांनी निवडलेला आणि शहराचा कार्यकारी प्रमुखही असतो. खातेप्रमुख तोच नेमतो, अंदाजपत्रक तोच मांडतो, पोलीस आयुक्तही त्याचाच. त्यामुळे श्रेय त्याचं आणि शिव्याही त्याच्याच.

बारा वर्षांचा कारभार

शहर जवळजवळ दिवाळखोरीत होतं आणि बॅंकांनी घातलेल्या अटींवर चाललं होतं. महामंदीत लाखो लोक बेकार. लाग्वार्डिया यांनी खर्च छाटला, बेकारांच्या मदतीसाठी दोन टक्के विक्रीकर बसवला आणि वशिल्याच्या जागा कमी करून स्पर्धा परीक्षांतून भरती वाढवली. ज्यू आणि इटालियन घरांतल्या शिकलेल्या पोरांना सरकारी दार यामुळे खऱ्या अर्थाने उघडलं.

दुसरी किल्ली वॉशिंग्टनमध्ये होती. अध्यक्ष रूझवेल्ट डेमोक्रॅट, महापौर रिपब्लिकन, तरी दोघांचं जमलं. केंद्राचा पैसा येणार म्हटल्यावर न्यूयॉर्कचे आराखडे तयार असायचे. या कामात उद्यान आयुक्त रॉबर्ट मोझेस हा त्यांचा कर्तबगार आणि तितकाच हेकट सहकारी. १९३६ च्या एका उन्हाळ्यात ११ सार्वजनिक पोहण्याचे तलाव खुले झाले आणि त्याच वर्षी ट्रायबरो पूल सुरू झाला. १९३४ मध्ये शहराचं गृहनिर्माण प्राधिकरण स्थापन झालं. त्याची पहिली वसाहत ‘फर्स्ट हाउसेस’ १९३५ च्या अखेरीस उभी राहिली आणि क्वीन्सबोरो पुलाजवळची क्वीन्सब्रिज ही प्रचंड वसाहत १९३९ मध्ये. १९४० मध्ये शहराने खासगी कंपन्यांच्या भुयारी रेल्वे विकत घेऊन सगळं जाळं एका छत्राखाली आणलं. तिकीट पाच सेंटच राहिलं. बॅंडमास्तराच्या या मुलाने १९३६ मध्ये संगीत आणि चित्रकलेसाठी सरकारी हायस्कूलही काढलं.

विमानतळाची गोष्ट न्यूयॉर्कमध्ये अजून सांगतात. १९३४ मध्ये महापौरांचं विमान शेजारच्या न्यू जर्सीतल्या नेवार्कला उतरलं. साहेब जागेवरून उठेनात. म्हणाले, माझ्या तिकिटावर न्यूयॉर्क लिहिलंय. शेवटी विमान कंपनीने त्यांना ब्रुकलिनच्या धावपट्टीवर नेऊन सोडलं. पाच वर्षांत, १९३९ मध्ये, क्वीन्समध्ये शहराचा स्वतःचा मोठा विमानतळ सुरू झाला.

नाटकीपणा त्यांच्या रक्तात होता. गुंडांची जुगाराची यंत्रं त्यांनी हातोड्याने फोडली आणि समुद्रात बुडवली. आर्टिचोक ही इटालियन घरांतली आवडती भाजी. तिचा बाजार एका गुंड टोळीच्या मुठीत होता. २१ डिसेंबर १९३५ च्या पहाटे महापौर ब्रॉंक्सच्या घाऊक बाजारात गेले, बिगुल वाजवून लोक जमवले आणि छोट्या आर्टिचोकच्या विक्रीवर बंदी जाहीर केली. टोळीची पकड सुटली, भाव उतरले आणि आठवड्याच्या आत बंदी उठली. कुठे आग लागली की हेल्मेट चढवून तिथेही हजर. १९४५ मध्ये वर्तमानपत्र वाटणाऱ्यांचा संप झाला, तेव्हा मुलांची हौस बुडू नये म्हणून त्यांनी रविवारी रेडिओवर पेपरांतल्या चित्रकथा साग्रसंगीत वाचून दाखवल्या.

ब्रेड चोरणाऱ्या आजीला दंड करून स्वतःच तो भरणारे आणि कोर्टातल्या सगळ्यांना पन्नास-पन्नास सेंट दंड लावणारे न्यायाधीश, ही व्हॉट्सॲपवर फिरणारी गोष्टही यांचीच म्हणून सांगितली जाते. महापौराला दंडाधिकाऱ्याच्या खुर्चीत बसण्याचा अधिकार होता आणि ते तसे बसलेही. पण ही गोष्ट किस्सा म्हणूनच घ्यावी.

जिथे हात आखडला

सगळंच कौतुकाचं नाही. १९ मार्च १९३५ रोजी हार्लेममध्ये दंगल उसळली. दुकानात चोरी करताना पकडलेल्या एका मुलाला मारून टाकलं, ही अफवा त्याला कारण झाली. महापौरांनी चौकशी समिती नेमली. पोलिसांचा जाच, कामधंद्यात डावलणं आणि कोंदट घरं यांवर समितीने स्पष्ट बोट ठेवलं. महापौरांनी अहवाल प्रसिद्धच केला नाही. शेवटी तो कृष्णवर्णीयांच्या एका वृत्तपत्राने छापला. १९४३ मध्ये हार्लेम पुन्हा पेटलं. तेव्हा महापौर रात्रभर रस्त्यावर होते, रेडिओवरून लोकांना शांत करत होते, तरी सहा जणांचे जीव गेले. त्याच वर्षी त्यांनी स्टायव्हसंट टाउन या गृहप्रकल्पाला मंजुरी दिली. तिथे कृष्णवर्णीयांना घर देणार नाही, अशी उभारणाऱ्या विमा कंपनीची भूमिका असताना ही मंजुरी दिली गेली. १९४४ मध्ये छावण्यांतून सुटणाऱ्या जपानी वंशाच्या अमेरिकनांना न्यूयॉर्कमध्ये वसवायलाही त्यांनी विरोध केला. एलिस बेटावरची रडारड ज्याला सहन झाली नाही, त्याच माणसाने हे केलं. त्यांचे चाहतेही इथे थबकतात.

जेम्मा

बहीण जेम्मा हिने बुडापेस्टमधल्या एका ज्यू गृहस्थाशी लग्न केलं होतं. हिटलरवर लाग्वार्डिया १९३० च्या दशकापासून जाहीर तोंडसुख घेत होते. १९३७ मध्ये तर त्यांच्या एका भाषणावरून जर्मन सरकारने अमेरिकेकडे निषेध नोंदवला होता. १९४४ मध्ये जर्मनांनी जेम्माला पकडलं आणि राव्हन्सब्रुकच्या छळछावणीत ठेवलं. तिचा नवरा माउथहाउजेनच्या छावणीत मेला. मुलगी आणि तान्हा नातू जेम्माच्याच छावणीत होते, पण तिला त्याचा पत्ता नव्हता.

युद्ध संपल्यावर जेम्मा, मुलगी आणि नातू बर्लिनमध्ये निराधार होते. लग्नामुळे तिचं अमेरिकी नागरिकत्व गेलेलं. भाऊ तेव्हा न्यूयॉर्कचा महापौर, आणि १९४६ मध्ये तर युद्धग्रस्तांना अन्न आणि आसरा देणाऱ्या आंतरराष्ट्रीय प्रशासनाचा प्रमुख. एक फोन केला असता तर काम झालं असतं, असं कुणालाही वाटेल. त्यांनी पैसे पाठवले, पण तिच्यासारखे लाखो लोक रांगेत आहेत, तिच्यासाठी वेगळा नियम होणार नाही, असं कळवलं. जेम्मा १९४७ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कला पोचली. चार महिन्यांनी, २० सप्टेंबरला, स्वादुपिंडाच्या कर्करोगाने भाऊ गेला. वय ६४.

मागे काय राहिलं

चौथ्यांदा उभं न राहता १९४५ च्या अखेरीस ते पायउतार झाले होते. अब्जावधींचा कारभार केलेल्या या माणसाच्या नावावर निघाले सुमारे आठ हजार डॉलरचे युद्धरोखे आणि एक गहाण पडलेलं घर. रेडिओवर निरोप घेताना ते ‘संयम आणि धैर्य’ असे दोन शब्द उच्चारायचे. न्यूयॉर्कच्या मुख्य ग्रंथालयासमोरच्या दोन दगडी सिंहांची हीच नावं आहेत आणि तीही त्यांनीच दिलेली. त्यांच्यावरच्या ‘फिओरेलो!’ या संगीत नाटकाला १९६० मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळालं.

जेम्मा १९६२ पर्यंत जगली. तिला शेवटी घर मिळालं ते क्वीन्सब्रिजमध्ये, भावाच्या कारकिर्दीत गरिबांसाठी बांधलेल्या सरकारी वसाहतीत.